अर्धा आशिया जिंकला, पण तेल काही घरी पोचलं नाही

शाळेच्या पुस्तकात जपान दोनदाच येतो. एकदा पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकायला आणि एकदा हिरोशिमात बॉम्ब झेलायला. मधली पावणेचार वर्षं गायब, आणि त्याच्या आधीची दहा वर्षं तर कुणाच्या गावीही नसतात. त्यामुळे साधा प्रश्न पडायचा राहूनच जातो, की ज्या देशाकडे स्वतःचं तेल जवळजवळ नाही, रबर नाही, लोखंड जेमतेम, तो देश सहा महिन्यांत पार आपल्या मणिपूरच्या उंबऱ्यापासून पॅसिफिकच्या मधोमध पोचला कसा, आणि पोचला तर पोचला, मग तिथे टिकला का नाही?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढे वाचायला बरं पडेल. अमेरिका मोठी होती, अणुबॉम्ब होता, हे सगळं खरंच आहे. पण जपानची दोरी त्याच्या आधीच आखूड पडलेली होती. जिंकलेला मुलूख आणि घर यांच्यामध्ये समुद्र होता, आणि तो समुद्र पार करून माल आणणारी साधी मालवाहू जहाजं पुरेशी नव्हती. युद्धनौका होत्या, जगातल्या सगळ्यात मोठ्या तोफा लावलेल्या होत्या, पण तांदूळ, तेल आणि कोळसा वाहणारं जहाज म्हणजे कमी दर्जाचं काम, त्याकडे कोण बघतो!

थोडं मागे जाऊ, पटकन. १८६८ नंतर जपानने पन्नास वर्षांत स्वतःला पार बदलून टाकलं, कारखाने, रेल्वे, आरमार, सगळं. १८९५ मध्ये चीनला हरवून तैवान घेतलं, १९०५ मध्ये रशियाला हरवलं (आशियातला देश युरोपियन देशाला हरवतो म्हटल्यावर आपल्याकडेही लोक खूश झाले होते, केसरीतून वगैरे त्यावर भरभरून लिहून आलं), १९१० मध्ये कोरिया गिळला. पहिल्या महायुद्धात फारसं न लढता जर्मनीची पॅसिफिकमधली बेटंही पदरात पडली. म्हणजे तोपर्यंतचा अनुभव असा की छोटं युद्ध करायचं, पटकन जिंकायचं, तह करायचा आणि घरी यायचं. हा अनुभवच पुढे घात करणार होता.

१९३१ पासून गाडी रुळावरून घसरली, आणि हे मी रुळाचीच गोष्ट आहे म्हणून म्हणतोय. १८ सप्टेंबर १९३१ च्या रात्री मांचुरियात, म्हणजे चीनच्या ईशान्य भागात, मुकदेनजवळ जपानच्याच मालकीच्या रेल्वेलाइनवर छोटा स्फोट झाला. स्फोट जपानी अधिकाऱ्यांनीच घडवला होता, नाव चिनी लोकांवर टाकायचं होतं. नुकसान इतकं किरकोळ की थोड्याच वेळात त्याच रुळावरून एक ट्रेन धडधडत निघून गेली. पण निमित्त मिळालं, फौज सुटली, आणि काही महिन्यांत सगळा मांचुरिया खिशात. टोकियोतल्या सरकारला याची परवानगी कुणी विचारली नव्हती. सरकारने आधी हातपाय झाडले आणि मग निमूटपणे मान डोलावली. ज्यांनी आदेशाविना युद्ध सुरू केलं त्यांना शिक्षा होण्याऐवजी बढत्या मिळाल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात तर आरमाराच्या तरुण अधिकाऱ्यांनी पंतप्रधान इनुकाई यांना त्यांच्या घरात शिरून गोळ्या घातल्या. त्यानंतर कुठला राजकारणी लष्कराला ‘थांबा’ म्हणणार? आधी करून टाकायचं आणि मग वरच्यांनी सही करायची, ही पद्धतच पडून गेली.

मग १९३७. जुलैमध्ये बीजिंगजवळ मार्को पोलो पुलापाशी चकमक झाली आणि तिचं पूर्ण युद्ध झालं. लष्कराला वाटलं दोनतीन महिन्यांत चीन गुडघे टेकेल. एकट्या शांघायलाच तीन महिने गेले. डिसेंबरमध्ये राजधानी नानजिंग पडली आणि तिथे जपानी फौजेने जे केलं ते वाचवत नाही, टोकियोच्या युद्धगुन्हे न्यायालयाने मृतांचा आकडा दोन लाखांवर धरला, चीन तीन लाख म्हणतो. पण चीनने शरणागती पत्करली नाही. चँग कै शेकने सरकार उचललं आणि वुहानला नेलं, वुहान पडल्यावर आणखी आत, डोंगरांपलीकडे चोंगचिंगला नेलं. वाटेत जपान्यांना अडवायला स्वतःच्याच पीत नदीचा बांध फोडला, त्यात चीनचेच लाखो लोक मेले. असल्या शत्रूचं काय करायचं हे जपानच्या कुठल्याच प्लॅनमध्ये नव्हतं. शहरं जपानकडे, रेल्वेलाइनी जपानकडे, पण लाइनीपासून जरा आत गेलं की गावं गनिमांची. दिवसा आपला, रात्री त्यांचा असा सगळा मामला. आपल्याला गनिमी कावा वेगळा समजावून सांगायला नको.

याच काळात काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं होतं, १९३८ मध्ये. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर. बाकीचे परत आले, कोटणीस तिकडेच राहिले, उत्तर चीनच्या डोंगरात कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर, म्हणजे नेमके त्या लाइनीपासून आतल्या भागात जिथे जपान कधीच पूर्ण पोचू शकला नाही. तिथलीच नर्सिंग शिकवणारी क्वो छिंगलान ही त्यांची बायको. डिसेंबर १९४२ मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते तिथेच गेले. चीनमध्ये आजही त्यांचं नाव आदराने घेतात.

तर चीनमध्ये जपान असा रुतला. उत्तरेला रशियाकडे सरकून बघावं म्हटलं तर १९३९ मध्ये मंगोलियाच्या सीमेवर, नोमोनहानला, रशियन सेनापती झुकोवच्या रणगाड्यांनी चांगलंच झोडपून काढलं. म्हणजे उत्तरेचं दार बंद. उरली दक्षिण.

आता खरी मेख बघा. चीनमधलं युद्ध चालवायला जे तेल लागायचं, त्यातलं सुमारे ८० टक्के अमेरिकेकडून यायचं! भंगार लोखंडही तिकडूनच. ज्या देशाला तुमचं युद्ध आवडत नाही त्याच देशाच्या पेट्रोलवर तुम्ही ते युद्ध चालवताय. १९४० मध्ये जपान हिटलर-मुसोलिनीच्या कंपूत गेला, फ्रेंचांच्या ताब्यातल्या उत्तर व्हिएतनाममध्ये शिरला, जुलै १९४१ मध्ये दक्षिण व्हिएतनामही घेतलं. अमेरिकेने जपानचे पैसे गोठवले आणि तेल बंद केलं. साठा फार तर दीड-दोन वर्षांचा. ऑक्टोबर १९४१ च्या बैठकीत आरमारप्रमुख नागानोने सांगितलं की आरमार दर तासाला ४०० टन तेल जाळतंय, निर्णय लवकर घ्या. म्हणजे बसून विचार करायचीही किंमत होती, आणि ती टनांत मोजली जात होती.

पर्याय दोन. एक, चीनमधून फौज मागे घ्या, तेल परत सुरू होईल. दोन, डच लोकांच्या ताब्यातल्या इंडोनेशियातलं तेल बळजबरीने घ्या, आणि त्यासाठी वाटेतले इंग्रज आणि अमेरिकन आडवे येणार म्हणून त्यांच्याशीही लढा. डोकं ठिकाणावर असलेला माणूस पहिला पर्याय घेईल. पण लष्करमंत्री तोजोचं म्हणणं असं की एवढी माणसं चीनमध्ये कामी आली, आता माघार घेतली तर त्यांचं मरण वाया, मग मांचुरिया जाईल, कोरियाही जाईल. एक कर्ज फेडायला दुसरं, दुसरं फेडायला तिसरं, असं चाललं होतं आणि प्रत्येक कर्ज आधीच्यापेक्षा मोठं.

गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) त्यांना कळत नव्हतं असं नाही. १९४१ च्या उन्हाळ्यात सरकारनेच नेमलेल्या एका संस्थेत वेगवेगळ्या खात्यांतल्या तरुण हुशार अधिकाऱ्यांनी कागदावर हे युद्ध खेळून बघितलं. निष्कर्ष, सुरुवातीला जिंकू, मग जहाजं बुडत जातील, माल येणं थांबेल, शेवटी रशिया अंगावर येईल, हरणार. हा निष्कर्ष ऑगस्टमध्ये तोजोसमोर मांडला गेला. त्याने ऐकला आणि युद्ध काही कागदावर चालतं तसं चालत नाही असं म्हणून बाजूला ठेवला. दोन महिन्यांत तो पंतप्रधान झाला. आरमाराचा यामामोतो अमेरिकेत राहून आलेला, तिथले तेलाचे आणि गाड्यांचे कारखाने डोळ्यांनी बघितलेला माणूस. त्याने तर आधीच सांगून ठेवलं होतं की सहा महिने ते वर्षभर धुमाकूळ घालून दाखवीन, त्यापुढचं मला विचारू नका.

आणि सप्टेंबरातला एक प्रसंग तर कमालच. सेनाप्रमुख सुगियामा सम्राट हिरोहितोला सांगतोय की दक्षिणेची मोहीम तीन महिन्यांत आटपेल. सम्राटाने विचारलं, चीनचं युद्ध सुरू झालं तेव्हा तूच लष्करमंत्री होतास ना, तेव्हा महिन्याभरात संपेल म्हणाला होतास, चार वर्षं झाली. सुगियामा म्हणे, चीन आतून फार पसरलेला देश आहे हो. सम्राट म्हणाला, चीन मोठा आहे तर पॅसिफिक काय लहान आहे? सुगियामा मान खाली घालून गप्प. एवढं होऊनही तीन महिन्यांनी सम्राटाने युद्धाला संमती दिलीच, त्यामुळे त्याला बिचारा म्हणायची मला तरी इच्छा होत नाही.

पुढचे सहा महिने सगळ्यांना माहिती असतात तसेच. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बर, आणि त्याच्या तासभर आधीच मलायात कोटा बारूच्या किनाऱ्यावर फौज उतरलेली. हाँगकाँग, मनिला, सिंगापूर, जावा, रंगून, धडाधड पडत गेलं. लक्षात ठेवायचा आकडा हा, की जपानच्या ५१ डिव्हिजनपैकी या सगळ्या दक्षिण मोहिमेला फक्त ११ दिल्या होत्या. बाकीचं बहुतेक सैन्य चीन आणि मांचुरियात अडकलेलं. मलायात तर जपानी शिपाई सायकलींवरून खाली आले, टायर फाटले की नुसत्या रिमवरच चालवायचे, रात्री डांबरी रस्त्यावर त्या रिमचा असा खडखडाट व्हायचा की पलीकडच्यांना रणगाडे आले असं वाटायचं. सिंगापूरला जपानी जनरल यामाशिताकडे तीसपस्तीस हजार माणसं आणि संपत आलेला दारूगोळा, समोर इंग्रजांची ऐंशी हजारांवर फौज. त्याने आवाज चढवून शरणागती मागितली आणि ती मिळाली! १५ फेब्रुवारी १९४२. त्यात चाळीस हजारांच्या आसपास आपले भारतीय सैनिक कैदी झाले, आझाद हिंद सेनेची सुरुवात त्यांच्यातून झाली.

मार्चमध्ये अंदमान गेलं. ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर बॉम्ब पडले, मद्रास शहर भीतीने अर्धं रिकामं झालं. त्या वेळी आपल्याकडे लोकांना खरंच वाटत होतं की जपान आज ना उद्या किनाऱ्यावर उतरणार.

पण उतरणार कशाने? इथे पहिली मर्यादा दिसते. आरमाराच्या मनात श्रीलंका होती, ऑस्ट्रेलिया होता, हवाई होतं. लष्कर म्हणालं माणसं नाहीत, आमचं लक्ष चीनवर आणि रशियावर. जपानमध्ये लष्कर आणि आरमार ही एका देशाची दोन खाती कमी आणि भांडलेल्या भाऊबंदांची दोन घरं जास्त. विमानं वेगळी, कारखाने वेगळे, तेलाचा वाटा वेगळा. आरमाराकडे स्वतःचे पॅराशूटवाले होते आणि लष्कराने पुढे चक्क स्वतःच्या पाणबुड्या बांधल्या, कारण आरमारावर भरवसा नाही! दोघांना एका टेबलावर आणून ‘असं करा’ म्हणणारा वर कुणी नव्हता.

मग जून १९४२ ला पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाजवळची लढाई, एका दिवसात जपानची चार विमानवाहू जहाजं बुडाली, अकागी, कागा, सोर्यू, हिर्यू. ही हार लोकांपासून लपवली, जखमी खलाशांना दवाखान्यात इतरांपासून वेगळं कोंडून ठेवलं. मिडवेवर पुष्कळ लिहिलं जातं, जावंही, पण मला विचाराल तर जपान का हरला हे मिडवेपेक्षा ग्वादलकनालवर जास्त स्पष्ट दिसतं.

सॉलोमन बेटांतलं ग्वादलकनाल. जपानचा मोठा तळ रबौलला, तिथून हे बेट हजार किलोमीटर. जपान्यांनी तिथे धावपट्टी बांधायला घेतली आणि ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकन उतरून ती आयती बळकावून बसले. आता दिवसा जवळ येणारं प्रत्येक जपानी जहाज त्या धावपट्टीवरच्या विमानांच्या तोंडी. संथ मालवाहू जहाजं पाठवली, बुडाली. मग रात्री वेगवान विनाशिका पाठवायला लागले, म्हणजे लढायची जहाजं रेशन वाहायला. तेही थांबून उतरवायला वेळ नाही, म्हणून लोखंडी पिंपांत तांदूळ भरायचा, पिंपं दोराने एकमेकांना बांधायची, किनाऱ्याजवळ समुद्रात ढकलायची आणि पळायचं. किनाऱ्यावरच्या उपाशी शिपायांनी दोर ओढून घ्यायचा. डिसेंबरात एका रात्री दीड हजार पिंपं टाकली, हाती लागली जेमतेम तीनशे, उरलेली सकाळी अमेरिकन विमानांनी गोळ्या घालून बुडवली. फेब्रुवारी १९४३ मध्ये उरलेले दहा हजारांवर लोक गुपचूप काढून नेले. वीस हजारांहून जास्त तिथे मेले, आणि त्यात गोळीने मेलेल्यांपेक्षा भूक, मलेरिया आणि हगवणीने मेलेले जास्त.

जहाजांचं गणित आता नीट बघू, कारण सगळा जीव तिथे आहे. युद्ध सुरू झालं तेव्हा जपानकडे सुमारे ६० लाख टनांची मालवाहू जहाजं होती. हिशोब करणारे म्हणाले, त्यातली ३० लाख टन नागरिकांसाठी आणि कारखान्यांसाठी मोकळी राहिली पाहिजेत, वर्षाला ८ ते १० लाख टन बुडतील, नवी बांधून निभावून नेऊ. कागदावर जमलं. प्रत्यक्षात १९४३ मध्ये १८ लाख टनांच्या आसपास बुडाली, १९४४ मध्ये जवळजवळ ३८ लाख. बरं, जी होती त्यांचेही तीन वाटे, लष्कराची, आरमाराची आणि बाकीच्यांची. लष्कराचं जहाज सैनिक घेऊन दक्षिणेला जायचं आणि रिकामं परत यायचं, त्याच वाटेने दुसऱ्या खात्याचं रिकामं जहाज माल आणायला निघालेलं असायचं. कुणी कुणाला विचारायचं नाही.

तेलविहिरींचं बघा. फेब्रुवारी १९४२ मध्ये सुमात्रातल्या पालेमबांगच्या रिफायनरीवर जपानने पॅराशूटने माणसं उतरवली, मोडतोड दुरुस्त केली, तेल अपेक्षेपेक्षा लवकर सुरू झालं. युद्ध ज्यासाठी केलं ते हातात! पण तीनच महिन्यांत, मे १९४२ मध्ये, तायो मारू नावाचं जहाज तेलक्षेत्रातले इंजिनियर आणि तंत्रज्ञ घेऊन दक्षिणेला निघालं असताना एका अमेरिकन पाणबुडीने बुडवलं. आठशेच्या आसपास लोक गेले. तेल होतं, तेलातली माणसं समुद्राच्या तळाशी. आणि एवढा फटका बसूनही मालवाहू जहाजांना सोबत द्यायला वेगळं खातं उघडलं ते थेट नोव्हेंबर १९४३ मध्ये, दीड वर्षाने. सोबत जाणं, राखण करणं हे आरमाराच्या अधिकाऱ्यांना कमीपणाचं वाटायचं, त्यांना १९०५ मध्ये रशियन आरमाराला बुडवलं त्या त्सुशिमासारखी एकच मोठी निकालाची लढाई हवी होती.

त्यातही नशीब की अमेरिकन पाणबुड्यांचे टॉर्पेडो सुरुवातीला भंगार होते, खोल जायचे, आदळूनही फुटायचे नाहीत. १९४३ च्या शेवटाला ते दुरुस्त झाले, जपानी जहाजांचे सांकेतिक संदेशही अमेरिकेला वाचता यायला लागले, आणि मग कत्तलच. अमेरिकन आरमारातली दोनेक टक्के माणसं पाणबुड्यांवर होती, त्यांनी जपानच्या बुडालेल्या मालवाहू जहाजांपैकी निम्म्याहून जास्त टनेज एकट्यांनी बुडवलं. दक्षिणेतून जपानला पोचलेलं तेल १९४३ मध्ये दीड कोटी पिंपांच्या आतबाहेर होतं, १९४४ मध्ये ते पन्नास लाखांवर आलं, १९४५ मध्ये शून्य.

परिणाम कसा वेडावाकडा झाला बघा. तेल घरी येत नाही म्हणून आरमाराचा मोठा भाग सिंगापूरजवळ नेऊन ठेवला, तेलाच्या जवळ. पण दारूगोळा, सुटे भाग, नवीन पायलट सगळे जपानमध्ये. शिकाऊ पायलटांना उडवायला पेट्रोल नाही म्हणून ट्रेनिंग कापलं, मग ते कच्चे पोरगे जून १९४४ ला मारियाना बेटांजवळ अमेरिकनांसमोर गेले आणि दोन दिवसांत शेकडो विमानं पडली. तिथेच तायहो हे नवंकोरं विमानवाहू जहाज एका टॉर्पेडोने फुटलेल्या टाकीतल्या वाफा आत कोंडून स्फोटाने गेलं. कामिकाझे, म्हणजे विमानासकट शत्रूच्या जहाजावर आदळून मरणारे पायलट, येतात ते यानंतर, ऑक्टोबर १९४४ पासून. त्यांना लोक बलिदान वगैरे म्हणतात, मला त्यात हिशोब दिसतो, परत यायचं पेट्रोल आणि परत यायचं शिक्षण दोन्ही नसलेल्या पोरांचं काय करायचं याचा.

घरी तर शाळेतल्या मुलांना डोंगरावर पाइनची मुळं खणायला लावली, त्या मुळांपासून विमानाचं तेल काढणार. दोनशे मुळं म्हणजे विमान एक तास हवेत, अशी घोषणाच होती. लाखो लोक खणत होते, डोंगर उघडे पडले, विमानात भरण्याजोगं तेल जवळजवळ काहीच निघालं नाही.

समोर अमेरिका काय करत होती? पोलाद दहापट. १९४४ या एका वर्षात ९६ हजार विमानं, जपानची त्या वर्षी २८ हजार. आणि ती प्रत्येक बेट जिंकत बसली नाही. रबौललाच लाखाच्या आसपास जपानी फौज बसली होती, तिच्यावर हल्ला न करता बाजूने पुढे निघून गेली. ती फौज युद्ध संपेपर्यंत तिथे रताळी लावत बसली. जिंकलेला तळ असा आपोआप तुरुंग झाला.

आणि जिंकलेल्या लोकांचं काय? सांगताना ‘आशिया आशियाई लोकांचा’, सहसमृद्धी वगैरे. सुरुवातीला बर्मात, इंडोनेशियात लोकांनी स्वागतही केलं, गोऱ्यांना पळताना बघून कुणाला बरं वाटणार नाही? पण जहाजं नाहीत म्हटल्यावर समृद्धी कसली, इकडचा तांदूळ तिकडे जाईना, तिकडचं कापड इकडे येईना, फौज मात्र जागेवरचंच खाणार. नोटा छापत सुटले, मलायातल्या नोटांवर केळीचं झाड होतं आणि शेवटी त्यांची किंमतही तेवढीच उरली. उत्तर व्हिएतनाममध्ये १९४४-४५ च्या दुष्काळात दहा लाख किंवा त्याहूनही जास्त लोक मेले. रंगूनला समुद्रातून माल नेणं धोक्याचं झालं म्हणून थायलंड ते बर्मा ४१५ किलोमीटरची रेल्वे जंगलातून काढली, तिच्यावर बारा हजारांवर युद्धकैदी मेले आणि आशियाई मजूर लाखाच्या घरात, त्यात मलायाच्या रबर मळ्यांतले तमिळ कितीतरी. त्यांची नावंही कुणी लिहून ठेवली नाहीत. बर्माचा तांदूळ बंद झाल्याचा फटका बंगालला बसला, अर्थात बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाचं खापर एकट्या जपानवर फोडता येणार नाही, जपान येईल म्हणून इंग्रजांनी किनाऱ्यावरच्या होड्या आणि तांदूळ काढून नेला आणि मग नुसतं बघत बसले. अंदमानात नेताजींनी डिसेंबर १९४३ ला तिरंगा फडकवला, आणि त्याच अंदमानात महिन्याभरात, ३० जानेवारी १९४४ ला, जपान्यांनी हेरगिरीच्या संशयावरून ४४ भारतीयांना गोळ्या घातल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एक सांगून दुसरी गाळणाऱ्यांचा मला राग येतो.

१९४४ मधल्या जपानच्या दोन मोठ्या चढाया या सगळ्याचा कळस. पहिली इंफाळ. जनरल मुतागुचीने ८५ हजार माणसं चिंदविन नदी ओलांडून मणिपूरच्या डोंगरात घातली, बरोबर तीन आठवड्यांचं रेशन. पुढचं? इंफाळची कोठारं जिंकू, तीच खाऊ. शिवाय चंगीझखानासारखे गुरांचे कळप बरोबर हाकलत नेऊ, आधी ओझं वाहतील, मग त्यांनाच खाऊ. निम्मी गुरं नदीत आणि चढणीवरच गेली. वाटेत सांगशाकला भारतीय पॅराशूट ब्रिगेडने मार्चच्या शेवटी चारपाच दिवस अडवून धरलं, पाण्याविना, जखमी उघड्यावर पडलेले, त्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. त्या चारपाच दिवसांनी कोहिमा आणि इंफाळला कुमक पोचायला वेळ मिळाला. तीन आठवड्यांच्या शिदोरीवर निघालेल्या फौजेचे चारपाच दिवस खाणं म्हणजे केवढी गोष्ट! कोहिमाला जनरल सातोने शेवटी वरिष्ठांना कळवलं की ना गोळी येते ना भात, आणि हुकूम धुडकावून माघार घेतली. जपानी लष्करात हे अघटित होतं. पाऊस सुरू झालेला, माघारीचा रस्ता मृतदेहांनी भरला, तीस हजारांच्या आसपास मेले.

दुसरी चढाई चीनमध्ये, इचिगो नाव, पाच लाख सैन्य, जपानी लष्कराच्या इतिहासातली सगळ्यात मोठी. हेतू दोन, एक तर चीनमधले अमेरिकन विमानतळ घेणे, आणि दुसरा, ऐका, उत्तर चीनपासून व्हिएतनामपर्यंत जमिनीवरून रस्ता काढणे, कारण समुद्र हातातून गेला होता! लष्करी भाषेत मोहीम यशस्वी झाली. रस्ता जोडला गेला. त्या रस्त्यावरून काही विशेष आलं नाही, रूळ उखडलेले, पूल तुटलेले, वरून विमानं. आणि अमेरिकेने दरम्यान मारियाना बेटांतलं सायपान घेतलेलं, तिथून बी-२९ बॉम्बर विमानं थेट टोकियोला पोचत होती, चीनमधल्या तळांची गरजच संपली.

पुढचं भरभर सांगतो. मार्च १९४५ मध्ये एका रात्रीत टोकियोत लाखभर माणसं जळाली. बंदरांच्या तोंडाशी विमानांतून सुरुंग टाकून उरलीसुरली जहाजं कोंडली. ऑगस्टमध्ये हिरोशिमा, मग रशियाची मांचुरियावर चढाई, त्याच दिवशी नागासाकी. शरणागती बॉम्बमुळे की रशियामुळे यावर इतिहासकार अजून भांडतात. माझं मत विचाराल तर दोन्हींनी मिळून निर्णय करायला भाग पाडलं, पण लढायची ताकद त्याच्या वर्षभर आधीच संपली होती. फुजिवारा अकिरा नावाचे जपानी इतिहासकार, स्वतः चीनमध्ये अधिकारी म्हणून लढलेले, त्यांचा हिशोब असा की जपानच्या २३ लाख मृत सैनिकांपैकी निम्म्याहून जास्त उपासमार आणि तिच्यातून आलेल्या रोगांनी मेले.

शरणागती झाली तेव्हा साठ लाखांहून जास्त जपानी, सैनिक आणि साधी माणसं मिळून, देशाबाहेर होती, मांचुरियापासून न्यू गिनीपर्यंत. त्यांना आणायचं कसं? धड चालणारी जहाजं थोडीच उरलेली, तीही खचाखच भरलेली. शेवटी अमेरिकेने आपली दोनशेच्या आसपास जहाजं वापरायला दिली, त्यावर जपानी खलाशी चढवले, आणि १९४६ संपेपर्यंत त्यातले बहुतेक लोक घरी पोचवले. रशियाने सायबेरियात नेलेले पाचसहा लाख मात्र त्यात नव्हते, त्यांच्यातल्या काहींना परत यायला आणखी दहा वर्षं लागली.